तेलातलं तूप

डब्याच्या झाकणाच्या आतल्या कडेला एक पांढरट पट्टा जमला होता. रुंदी जेमतेम तीन मिलिमीटर. नखाने खरवडला तर मेणासारखा सलग निघाला नाही. रवाळ होता, बोटावर सुटा झाला आणि दोन-तीन सेकंदांत विरघळला. डिसेंबरचा दुसरा आठवडा, नाशिकची थंडी. प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा तापमापक एकोणीस अंश दाखवत होता, आणि शेंगदाण्याचं तेल एकोणीस अंशांना गोठत नाही.

मी झाकण खिडकीकडे तिरकं धरलं. समोर खराडे जेवत होते.

"मॅडम, जेवायला बसलात की तपासायला?"

"खोबरेल कितीला गोठतं हो, खराडे?"

"चोवीसच्या खाली. का? आईंनी खोबरेलाची फोडणी दिली की काय? कोकणातली माणसं तुम्ही, तुमचं काही सांगता येत नाही."

"आमच्याकडे खोबरेल फक्त डोक्याला."

"मग डालडा."

"तो घरात येत नाही."

"मग राहिलं काय? तूप." खराड्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आणि ते तर तुम्ही सोडलंय. म्हणजे काहीच नाही. जेवा आता, गार होतंय."

दिगंबर खराडे माझे सहायक, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. आमची अन्नतपासणीची सरकारी प्रयोगशाळा होती आणि तेल-तुपाचं टेबल आम्हा दोघांकडे होतं. तुपात वनस्पती तूप आहे का, तेलात दुसरं हलकं तेल आहे का, हे शोधण्यात माझी नऊ वर्षं गेली होती. मी डबा बंद केला. भूक लागली होती, पण आमटी तशीच परत नेली.

त्या वर्षीच्या एप्रिलपासून मी दूध, दही, तूप, मध सगळं सोडलं होतं. मांस-मासे घरात कधीच नव्हते. पहिल्या आठवड्यात वाटलं, चहा कोरा घेतला, ताक नाकारलं, की झालं. मग मी पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचायला लागले आणि बाजारातून हात हलवत परत यायला लागले. बिस्किटावर हिरवा ठिपका असतो, पण तो दुधाबद्दल काही बोलत नाही. पावाच्या पिठात दुधाची भुकटी. चहात घालायच्या 'बिनदुधाच्या' पावडरीत दुधातलंच केसीन. हे सगळं मला विद्यार्थिदशेपासून माहीत होतं. ते माझ्या ताटात येतं, हे लक्षात घेतलं नव्हतं, इतकंच.

या कामात मला साथ होती ती माझ्या सासूबाईंची. त्यांचं वय एकाहत्तर. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहत होतो. माझा नवरा अभय त्याच फेब्रुवारीत गेला होता, ऑफिसमध्ये, छातीत कळ येऊन, एक्केचाळिसाव्या वर्षी. मूलबाळ नव्हतं. नणंद मीनल इंदूरला. संध्याकाळी मी पिशवी रिकामी करायचे आणि आई भिंग घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसायच्या.

"ऋजू, हे व्हे पावडर म्हणजे काय गं?"

"दह्याची निवळ, आई. वाळवलेली."

"बटाट्याच्या वेफरला दह्याची निवळ? कुणाची अक्कल ही?"

"मसाला चिकटतो, आंबूस चव येते."

"नको मग हे." पुडा डाव्या बाजूला जायचा. "आणि हे? ड-तीन जीवनसत्त्व. हे तरी चालेल ना?"

"ते बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात."

"अरे देवा. मेंढीला माहीत आहे का?"

"गोळ्यांवरची चकाकी लाखेच्या किड्यांची असते. सरबताचा लाल रंग कधीकधी किड्यांचा. एकशेवीस नंबर लिहिलेला असतो."

"म्हणजे मी सत्तर वर्षं मांसाहार केला म्हण की," आई म्हणाल्या आणि भिंग पुसायला लागल्या.

माझ्या स्वयंपाकासाठी त्यांनी तेलाची वेगळी बुधली काढली. चूक होऊ नये म्हणून तिच्या गळ्याला हिरवा दोरा बांधला. तूप आणि साय त्यांच्या स्वतःच्या जेवणापुरतं. माझी भाजी, आमटी, थालीपीठ वेगळ्या कढईत, वेगळ्या तव्यावर. शेजारच्या परांजपेकाकू म्हणाल्या, "इंदूताई, सुनेचे हे लाड कशाला?" तर आईंनी त्यांना ऐकवलं होतं, "तुमच्या सुनेला ऑम्लेट लागतं तेव्हा मी काही बोलते का?"

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर चप्पल काढता काढताच मी विचारलं, "आई, तेल बदललंत का?"

"नाही गं. का?"

"डब्यात गोठलं होतं."

"थंडी केवढी पडलीय." त्या लसूण सोलत होत्या. वर बघितलं नाही. "आमटी परत आणलीस की काय?"

"भूक नव्हती."

"भूक नसायला काय झालं? सकाळी दोन घास खाऊन जातेस. आरशात बघतेस ना? ब्लाउज किती वेळा आत घेतलेस सांग."

मी आत जाऊन कपडे बदलले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. त्या दिवसांत माझं तसंच चाललं होतं. टीव्ही लावायचा, बंद करायचा. गॅलरीतल्या कुंड्यांना दोनदा पाणी घालायचं. कारण माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात पाच आठवड्यांपासून एक पत्र होतं. म्हैसूरच्या एका संशोधन संस्थेने तेल आणि चरबी या विभागात मला जागा देऊ केली होती. सप्टेंबरात कुणाला न सांगता मी अर्ज केला होता, मुलाखत फोनवर झाली. उत्तर येत्या सोमवारपर्यंत द्यायचं होतं. मला तिथे जायचं होतं. हे मी एकाही माणसाला सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यांच्याबरोबर मी रोज रात्री समोरासमोर बसून जेवत होते.

दर रविवारी मीनलचा फोन यायचा. आईंशी बोलून झालं की ती मला मागायची आणि म्हणायची, "वहिनी, तू आहेस म्हणून मला झोप लागते बघ." मी 'हो' म्हणायचे. दर रविवारी मला वाटायचं, आता बोलावं. मग ती मुलांच्या परीक्षांबद्दल सांगायला लागायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आई भजनी मंडळाच्या बायकांबरोबर फिरायला गेल्या. दार लागल्याचा आवाज आल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. हिरव्या दोऱ्याची बुधली शेगडीला अगदी चिकटून ठेवली होती. रोजची जागा ती नव्हे. झाकण उघडलं. वर तेल स्वच्छ होतं. चमचा तळाला नेला तर तळाशी गाळ लागला, रवाळ, पांढरा.

खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली मी उकळत्या पाण्याने धुऊन, वाळवून ठेवली होती. बुधली कोमट पाण्यात धरली, तेल एकजीव होईपर्यंत हलवलं, मग बाटली भरली. दुकानातून नमुना घेतात तेव्हा दुकानदाराला तसं सांगावं लागतं. त्याच्यासमोर भाग करायचे, त्याच्यासमोर सील लावायचं, त्याची सही घ्यायची. मी बुधली पुसून होती तशी शेगडीला चिकटवून ठेवली आणि चमचा धुऊन जागेवर लावला. बाटली पर्समध्ये पत्राच्या शेजारी बसेना, म्हणून डब्याच्या पिशवीत टाकली.

मला आधी वाटलं होतं, एका थेंबात काम होईल. अपवर्तनांक घेतला तर तो शेंगदाण्याच्या खाली आणि तुपाच्या वर आला. असा आकडा खोबरेल मिसळूनही येतो. म्हणून मग तुपाची जुनी, वेळखाऊ, खात्रीची चाचणी लावायची ठरवली. पाच ग्रॅम तेल तोलून घ्यायचं, त्याचा साबण करायचा, त्यावर आम्ल घालून उकळायचं आणि वाफेबरोबर जी हलकी आम्लं उडून येतात ती थंड करून गोळा करायची, मोजायची. दुधाच्या चरबीत ही आम्लं भरपूर असतात. शेंगदाण्यात जवळजवळ नाहीतच. शुद्ध तुपाचा आकडा अठ्ठावीस ते तीसच्या घरात येतो, खोबरेलाचा सात-आठ, शेंगदाण्याचा शून्याच्या आसपास.

खराड्यांनी मांडणी लावून दिली. फ्लास्क उकळायला लागला. वीस मिनिटांत एकशे दहा मिलिलिटर पाणी गोळा व्हायला हवं, कमी नाही, जास्त नाही, म्हणून ज्योतीकडे बघत उभं राहावं लागतं. मला उभं राहवत नव्हतं. मी खिडकीपाशी जायचे, परत यायचे.

"बसा की मॅडम. तुमच्या फेऱ्यांनी वारा लागतोय ज्योतीला."

मग वास आला. साबण फुटला की तो वास येतोच, खवट, आंबूस, जुन्या तुपाच्या भांड्यासारखा. कुणालाही ओळखू येईल असा. खराड्यांनी नाक वर केलं, माझ्याकडे बघितलं. ब्युरेट त्यांनीच चालवली. शेवटच्या थेंबाला पाणी फिकट गुलाबी झालं आणि तसंच राहिलं. त्यांनी आकडा लिहिला. मी हिशेब केला, तो परत केला. दहा पूर्णांक एक.

"तिसरा हिस्सा तूप," खराडे म्हणाले. त्यांना हसू यायला लागलं होतं. "हा कोण वेडा व्यापारी गाठलात मॅडम? नोकरीत तुपात तेल घालणारे शेकडो बघितले. तेलात तूप घालणारा हा पहिलाच. याला धंदा करायचाय की पुण्य कमवायचंय?"

मी काचसामान उचलायला लागले.

"नमुना कुठला हा? नोंद दिसत नाही."

"खासगी आहे."

खराड्यांनी औषधाची बाटली उचलली, तिच्यावरचा अर्धवट निघालेला कागद बघितला आणि खाली ठेवली. त्यांचं हसू गेलं.

"घरचा?"

"हो."

ते बराच वेळ ब्युरेट धूत राहिले. मग म्हणाले, "मग अहवाल कुणाला द्यायचा?"

मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा कागद भरला. शुक्रवार होता. रिक्षा केली नाही. चालत निघाले, घराच्या वळणाशी पोचले आणि सरळ पुढे गेले. कॉलेजच्या भिंतीपर्यंत जाऊन परत फिरले, दुसऱ्यांदा वळण आलं तरी वळले नाही. मनात वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य साहेबांपुढे वाचायच्या अहवालासारखं होत होतं. दुपारचा एक वाजला होता. शेवटी भाजीवाली म्हणाली, "ताई, काही हरवलंय का?" तेव्हा वळले.

आई स्वयंपाकघरात होत्या. ओल्या फडक्यावर थालीपीठ थापलेलं होतं आणि त्या बोटाने त्याला भोकं पाडत होत्या.

"आज लवकर? बरं वाटत नाही का?"

"अर्धी रजा टाकली."

"चांगलं केलंस. हात धू, गरम थालीपीठ खा. कांदा भरपूर घातलाय." त्यांनी थालीपीठ तव्यावर उलटलं, फडकं सोलून काढलं आणि हिरव्या दोऱ्याची बुधली उचलली.

"आई, त्यात तूप आहे."

बुधली तव्यावर तिरकी झाली होती. पहिल्या भोकात धार पडली. त्यांनी ती थांबवली, बुधली सरळ केली, ओट्यावर ठेवली.

"कुणी सांगितलं?"

"मी तपासलं."

"सरकारी यंत्रावर?"

"हो."

"किती निघालं?"

"साधारण तिसरा हिस्सा."

"बरोबर आहे. दोन वाट्या तेलाला एक वाटी." कुणी पाककृती विचारली असावी तसं त्यांनी सांगितलं. "थंडीत गोठतं मेलं. उन्हाळ्यात कळलं नव्हतं."

"उन्हाळ्यात? कधीपासून घालताय तुम्ही?"

"मेपासून. तुझ्या पाठीचे मणके मोजता यायला लागले तेव्हापासून."

मला खुर्ची दिसत होती, पण बसता आलं नाही. आठ महिने. मी मनातल्या मनात थालीपीठं, आमट्या, डबे मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं.

"तुम्ही माझ्याशेजारी बसून पुड्यांवरची अक्षरं वाचत होतात, आई. भिंग घेऊन."

"वाचत होतेच. बाहेरचं काही चुकून तुझ्या पोटात जाऊ नये म्हणून. ते काही खोटं नव्हतं."

"आणि घरातलं?"

"घरातलं चुकून नव्हतं."

"तुम्ही मला फसवलंत."

"हो," त्या म्हणाल्या. थालीपीठाखालून वास यायला लागला होता. त्यांनी गॅस बंद केला. "पण एक विचारू का? तू दिवसभर तूप हुंगतेस. त्याचा पगार घेतेस. आठ महिने तुला वास नाही आला?"

तुम्ही हिंग जास्त घालता म्हणून, मेथीदाणे असतात म्हणून, असं काहीतरी सांगता आलं असतं. सकाळी फ्लास्कमधून जो वास आला तो मला पहिल्या सेकंदाला ओळखू आला होता. जूनमध्ये एका रविवारी मुगाची खिचडी होती. त्या दिवशी घास तोंडाशी नेताना मी थांबले होते. मग खाल्ला होता. दुसऱ्यांदा वाढूनही घेतली होती.

"बस," आई म्हणाल्या. या वेळी मी बसले. त्यांनीही स्टूल ओढलं. पिठाचे हात मांडीवर पालथे ठेवले.

"आमच्याकडे माईआत्या होती. माझ्या वडिलांची आत्या. मी सात-आठ वर्षांची असेन. एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला, तेव्हा आणली तिला माहेरी. ती थेट मरेपर्यंत तिथेच. लाल आलवण नेसायची. एकदा जेवायची. सगळ्यांची पानं झाली की शेवटी, चुलीमागे. वरणभात, एखादी भाजी. तूप नाही, दूध नाही, साय नाही."

"आई, हे कशासाठी—"

"ऐक. तिला कुणी 'खाऊ नको' म्हणालेलं मी नाही ऐकलं. माझी आई चांगली होती, ती तुपाचं भांडं घेऊन जायची. माईआत्या पानावर हात आडवा धरायची. म्हणायची, मला नको गं, मला आवडतच नाही. दर वेळी. हसून." त्यांनी नाकाचा शेंडा मनगटाने पुसला, पीठ लागलं. "मी पान मांडायला असायचे. मी काय करायचे, पानात आधी चमचाभर तूप घालायचे आणि वर भाताची मूद. मूद दाबून बसवायची म्हणजे दिसत नाही."

"त्यांना कळायचं?"

"न कळायला काय झालं? भात कालवताना हात तुपाचा होतोच की. मान खाली घालून जेवायची. एक शब्द बोलायची नाही. दोन वर्षं चाललं ते. मग एकदा माझ्या वडिलांनी पाहिलं. ते काही ओरडले नाहीत. नुसते उभे राहिले. तर तीच पान घेऊन उठली आणि म्हणाली, मी मागितलं नव्हतं रे. पान तसंच गोठ्यात नेऊन टाकलं. त्यानंतर मी घातलं नाही कधी."

खाली रद्दीवाल्याची हाक चालली होती. ती जवळ आली आणि लांब गेली.

"मी माईआत्या नाहीये, आई," मी म्हणाले. "मी नोकरी करते. रंगीत साड्या नेसते. मला कुणी तूप नाकारलेलं नाही."

"तिलाही नव्हतं नाकारलं. तीच 'नको' म्हणायची."

"माझं कारण वेगळं आहे."

"केव्हा सोडलंस तू?"

"एप्रिलमध्ये."

"अभय फेब्रुवारीत गेला."

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"नसेल. पण मी काय बघितलं ते सांगते. माझा मुलगा गेला. दोन महिन्यांत सुनेने दूध सोडलं, दही सोडलं, तूप सोडलं. सणाचं गोडधोड सोडलं. वजन उतरलं. कुठे जात नाही, कुणाकडे येत नाही. विचारलं की हसून म्हणते, मला नकोच आहे, आई. मी काय समजायचं? तू पुड्यावरची अक्षरं मला समजावून सांगितलीस. हे कधी सांगितलंस की का?"

मी सांगितलं नव्हतं. तिथे बसल्यावर मला हेही दिसलं की या दोन तारखा मी स्वतः कधी शेजारी शेजारी मांडल्या नव्हत्या. ज्या बाईला अपवर्तनांकाच्या चौथ्या दशांशाची काळजी असते तिने.

"गुढीपाडव्याच्या आधी दूध तपासणीची गाडी गेली होती," मी म्हणाले. "जागेवर तपासायला आम्हालाही नेतात. एका गोठ्यात म्हशी बांधलेल्या होत्या आणि लांब भिंतीपाशी एक रेडकू. त्याला मुसकं घातलेलं. धार काढायच्या वेळी त्याला दोन मिनिटं सोडतात, म्हैस पान्हा सोडते, की लगेच ओढून परत बांधतात. रेडा होता तो. गोठेवाला म्हणाला, हा काय आठ दिवसांचा पाहुणा. मी बाटलीत दूध घेतलं, चाचणी केली. स्निग्धांश उत्तम होता. तसं लिहिलं."

आई ऐकत होत्या.

"असं मी नऊ वर्षं बघत होते. दर सणाच्या आधी. त्या दिवशी मात्र मला तिथून निघता येईना. ते सारखं दोरीला हिसके देत होतं आणि म्हैस मान वळवून बघत होती, आणि तिला काही करता येत नव्हतं. घरी येऊन चहा केला, दुधाचं पातेलं उचललं आणि परत ठेवलं. एवढंच आहे. अभय गेला नसता तर मला ते दिसलं असतं का, हे मला नाही सांगता येणार. पण आता दिसलंय. ते पुसता येत नाही. मला पुसायचंही नाही."

हे मी त्या दिवशी जितकं बोलले तितकंच आजही बोलू शकते. त्याला अकरा वर्षं झाली. दूध मी परत घेतलं नाही.

आईंच्या हातावरचं पीठ वाळून तडकलं होतं. मग त्यांनी विचारलं, "त्याचं काय झालं? रेडकाचं?"

"माहीत नाही. आम्ही परत गेलो नाही."

"हं." त्या उठल्या. बुधलीचा दोरा दातांनी तोडला आणि बुधली त्यांच्या बाजूच्या फळीवर ठेवली. तव्यावरचं थालीपीठ ताटलीत काढून फडक्याने झाकलं. तवा साबणाने घासला, पुसला, परत गॅसवर ठेवला. खालच्या कपाटातून तेलाची नवी पिशवी काढली आणि ती माझ्यापुढे धरली.

"फोड तूच. उगाच शंका नको."

मी कात्रीने कोपरा कापला. त्यांनी दुसरा गोळा घेतला आणि फडकं ओलं केलं.

"चुकलं माझं," थापता थापता त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाठ होती. "माईआत्याला मी कधी विचारलं नाही की तुला खरंच काय पाहिजे. लहान होते. तुला विचारायला मला काय झालं होतं? एकाहत्तर वर्षांची घोडी."

"मीही सांगितलं नाही."

"तू कुठे काय सांगतेस? महिनाभर बघतेय. गॅलरीत जातेस, आत येतेस, कुंड्या कुजल्या पाणी घालून घालून. मीनलशी बोलताना फोनची वायर पिळतेस. मी म्हटलं, पोटात काही जात नाही म्हणून होत असेल. म्हणून वाटी मोठी केली."

मला हसू आलं. थालीपीठ तव्यावर पडलं. त्यांनी पाचही भोकांत नवं तेल सोडलं, झाकण ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या. नाकाला अजून पीठ होतं.

"नको ते सगळं कळलं मला आता. दूध नको, तूप नको, मेंढीचं मेण नको. हवंय काय तुला ते सांग. लसणीची चटणी काढू, की लोणचं?"

झाकणाखाली तेल चुरचुरत होतं. माझी पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती. मी तिच्याकडे हात नेला नाही.

"मला म्हैसूरला नोकरी मिळालीय, आई," मी म्हणाले. "मला ती हवीय. मी जाणार आहे."